आवयनं रंगवलेला हात

"हात आला गे तुझा," हुंदरे मामा म्हणाले आणि पुठ्ठ्याचा खोका टेबलावर ठेवला.

मी जेवण अर्धं टाकून पळत आले होते. वर्कशॉपमध्ये नेहमीसारखा रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. भिंतीला नकली पाय टांगलेले, कुणाचे गुडघ्यापर्यंत, कुणाचे मांडीपर्यंत. मामांनी खोका उघडला, वरचं प्लास्टिक बाजूला केलं आणि हात बाहेर काढून अगदी हळू, तान्ह्या पोराला ठेवावं तसा टेबलावर ठेवला.

मी बघत राहिले.

"मामा, हा माझा नव्हे."

"तुझाच की. खोक्यावर नाव बघ. फिलोमिना सिद्दी, डावा, मनगटापासनं. मापबी तुझंच."

"माप असंल माझं. हात कुणाचा हाय?"

मामांनी चष्मा वर केला. मग माझ्या उजव्या हाताकडं बघितलं, मग टेबलावरच्या हाताकडं. तो हात गोरा होता. थोडाथोडका नव्हे, दुधात केशर टाकल्यासारखा. नखं गुलाबी. मनगटावर निळसर शिरा पण काढलेल्या. माझ्या हाताशेजारी तो असा दिसत होता की कुणी बाई टेबलाखाली लपलीय आणि तिनं हात तेवढा वर काढलाय.

आम्ही सिद्दी. हल्याळच्या पुढं रान लागतं, तिथले. आमच्या पूर्वजांना कधीतरी आफ्रिकेतनं जहाजात घालून आणलं, विकलं, आणि त्यातले काही पळून रानात शिरले. आता आमचं बोलणं कोकणी, देव चर्चातली मेरी माय, आणि तोंड बघितलं की लोक अजून विचारतात, कुठल्या देशातनं आलीस. मी सांगते, हल्याळ डेपोतनं.

शाळा मी आठवीत सोडली. एका पोरीनं माझ्या केसात पेन्सिल खोवून सगळ्यांना दाखवली, बघा, पडतच नाही म्हणून. मी तिच्या डोक्यात कंपासपेटी हाणली. मास्तर म्हणाले, माफी माग. मी दप्तर उचललं आणि घरी आले. मग जत्रेत रसवंतीवर कामाला लागले, आणि तिथं चरकात ऊस घालताना डावा हात मनगटापर्यंत गेला.

आमच्या चर्चच्या पाद्रींनी मला बेळगावच्या या केंद्रात आणून सोडलं. अपंगांना काम शिकवायचं, नोकरीला लावायचं, असं ते केंद्र. मुचंडीकर मॅडम नोकऱ्यांचं बघायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "धावतेस का गं?"

"कुणाच्या मागं?"

"अगं, तसं नव्हे. तुमच्यातली मुलं खेळात फार पुढं असतात. अपंगांच्या स्पर्धा असतात राज्याच्या. मेडल आणशील."

"मॅडम, हात गेलाय माझा. पळायचं कशाला शिकू? मला दुकानाचं काम शिकवा."

त्या हसल्या आणि मला फिनेल भरायला बसवलं. मी भांडले. मग झाडू बांधायला बसवलं. तिथं पण भांडले. शेवटी कंटाळून त्यांनी मला दुकान विभागात घातलं. कापड मापायचं, घडी घालायची, बिल करायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं. मला ते आवडायचं. मनगटाच्या टोकानं ठाण दाबून धरायची आणि उजव्या हातानं झटका द्यायची, की कापड गादीवर लांबच्या लांब पसरायचं. सुनंदा माझ्या खोलीतली. पोलिओचा पाय, त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घालायची. ती गिऱ्हाईक व्हायची.

"ताई, जरा ती मोरपंखी दाखवा."

"दाखवते की काकू. तुमच्या रंगाला झकास दिसंल."

"किंमत सांगा आधी."

"आधी अंगावर लावून तर बघा. किंमत कुठं पळून जात्या?"

सुनंदा हसून लोळायची. मला मात्र तो 'ताई' शब्द गोड लागायचा. आमच्या गावात किराणा दुकानात आम्ही पायरीखाली उभे राहून सामान मागतो. मला गादीवर बसायचं होतं. पंख्याखाली, पाय दुमडून. आणि लोकांनी मला ताई म्हणायचं, दाखवा म्हणायचं. बाकी मला काही नको होतं.

तारळेकरांचं साड्यांचं मोठं दुकान आमच्या केंद्रातनं पोरी घ्यायचं. मी मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "गादीवर दोन हात लागतात, फिलू. तुझा हात येऊ दे. आला की पहिलं नाव तुझं."

म्हणून मी त्या हाताची वाट बघत होते. आणि हात आला तो असा.

"दुसरा मागवा की मामा."

मामांनी कपाटातनं रंगांची पट्टी काढली. सुटे तुकडे होते, बटणांसारखे, एका दोरीत ओवलेले. गोरा, गव्हाळ, आणि गव्हाळाहून जरासा दाट.

"एवढेच येतात गे. ह्याच्या खाली नाही. मी लिहिलं होतं, सगळ्यांत डार्क पाठवा म्हणून. त्यांनी हा पाठवला. परत पाठवला तर पुढच्या वर्षी येतो, आणि तो आपला रंग असंलच असं नाही."

मी तसाच हात उचलून मॅडमकडं गेले. मॅडम चहा पीत होत्या.

"किती सुंदर आहे गं," त्या म्हणाल्या. "अगदी खरा वाटतो."

"खरा वाटतो, पण माझा वाटत नाही."

"फुल बाहीचा ड्रेस घाल. कोण बघतंय? परवा तारळेकर काकी येणारेत मुली बघायला. दोघी हव्यात त्यांना. सुनंदा आणि तू. आता हट्ट करू नकोस, आईला बोलावून घे. नोकरी लागली की लगेच राहायचं बघावं लागेल."

मग मी शेजारच्या टपरीवरनं पाद्रींना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आवय आली. आवय म्हणजे आई. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात माझ्यासाठी मध, आणि बाजारात विकायला आणलेला हिरडा. रानातला हिरडा आणि शिकेकाई गोळा करणं हे तिचं काम. केंद्राच्या फाटकातनं आत येताना तिनं चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, घाल, देऊळ नव्हे हे. तरी घातल्या नाहीत.

मी तिला हात दाखवला. तिनं आधी क्रूस केला.

"कुणाचा गो हा?"

"रबराचा आहे."

"रबराचा असंल. पण बाईचा आहे ना? ती मेली काय?"

"कुणी मेलं नाही गे. कारखान्यात करतात."

तिनं हात मांडीवर घेतला. बोटं एकेक करून चाचपली, उलटा केला, तळवा बघितला.

"चांगला केलाय," ती शेवटी म्हणाली. "करणाऱ्यानं मन लावून केलाय. फक्त त्यानं तुला बघितलं नव्हतं."

"आता असाच घालायचा."

"असा कसा? लोक म्हणतील पोरीनं कुणाचा चोरून आणला." आणि तिनं गाठोडं पुढं ओढलं. "चूल कुठं आहे इथं?"

मेसच्या मागं चूल होती. मेसच्या मावशीला आवयनं मधाची अर्धी बाटली दिली आणि पातेलं मागून घेतलं. हिरडा ठेचून उकळायला टाकला. मला म्हणाली, गंजकं लोखंड बघून ये. मी वर्कशॉपच्या मागनं मोडक्या कॅलिपरचे गंजलेले तुकडे आणले. आम्ही घरी असंच कापड रंगवतो. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आमच्या बायका कवंदी शिवतात, पांघरायला. तिला खालून लावायचं कापड हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून काळं करतात. धुऊन धुऊन कापड फाटतं, रंग जात नाही.

पाणी काळं झालं. आवयनं पातेल्यात बोट बुडवलं, आपल्या दंडावर रेघ ओढली, आणि मान हलवली.

"नुसतं काळं झालं. माणूस असा नुसता काळा नसतो बाय. आत तांबडं असतं." मग मावशीला म्हणाली, "पान खाता ना तुम्ही? थोडा कात द्या."

मावशीनं कमरेची चंची सोडली. कात पडला तसं पाणी बदललं. आवयनं चिंधी बुडवली आणि हातावर फिरवायला लागली. रंगाचा एक थर लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा लावायचा. पहिल्यांदा तो हात मळल्यासारखा दिसला, मग आजारी माणसासारखा, आणि मग एकदम, बघता बघता, आमच्या घरातला झाला. मी माझा उजवा हात शेजारी धरून बसले होते. आवय माझ्या हाताकडं बघायची, त्याच्याकडं बघायची, अजून एक चिंधी फिरवायची.

"तळव्याला लाव की," मी म्हटलं.

"तळव्याला नको. तळवा आपला पण उजळच असतो." तिनं माझा तळवा धरून दाखवला. "नखं पण सोडते. बोटाच्या सांध्यावर जरा जास्त पाहिजे, तिथं आपण दाट असतो."

कुणी माझ्याकडं एवढं निरखून आधी कधी बघितलं नव्हतं. बघायचे सगळेच, पण असं नव्हे.

मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं बया, आता तो हात उठून माझ्या भाकऱ्या थापंल."

सुनंदा कॅलिपर टकटकवत आली, हात बघितला आणि म्हणाली, "फिलू, काकी तुझ्याकडंच बघत राहतील उद्या. मला कुणी घेणार नाही जा."

"तुला मी घेईन की. माझ्या गादीवर चहा द्यायला."

आवय हसली. दात दिसेपर्यंत हसली. तशी ती कमी हसते.

सकाळी हुंदरे मामांनी हात बसवून दिला. पट्टा आवळता आवळता थांबले, बोटांवरनं अंगठा फिरवला, आणि हळूच म्हणाले, "कुणी केलं गे हे?"

"आवयनं."

"मॅडमना आत्ता सांगू नको." आणि पुन्हा एकदा बघून म्हणाले, "आता तुझा झाला बघ."

मी फुल बाहीचा पिवळा ड्रेस घातला आणि हात ओढणीखाली ठेवला. लपवायचा म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात ठरलं होतं. काकी साडी देणार, उलगड म्हणणार, आणि मग मी दोन्ही हात एकदम बाहेर काढून साडी अशी पसरणार की टेबलावरनं खाली जाईल.

आवय चपला हातात धरूनच व्हरांड्यात बाकावर बसली. काकी मॅडमच्या खोलीत होत्या. आधी सुनंदाला बोलावलं. दार अर्धं उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. काकींनी आपल्या पिशवीतनं एक लाल साडी काढली, सुनंदाच्या पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "दाखव बरं मला, मी गिऱ्हाईक आहे समज." सुनंदानं दाखवली. पदर उलटा धरला वेडीनं. काकी हसल्या, सरळ करून दिला, म्हणाल्या, "शिकशील गं." सुनंदा बाहेर आली तर डोळ्यांत पाणी, इतकी खूश.

मग मी आत गेले. साडी टेबलावर तशीच पसरलेली होती.

काकींनी माझ्याकडं बघितलं. मग मॅडमकडं बघितलं. मग साडी जवळ ओढली, घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन लावली.

"बस गं," मॅडम म्हणाल्या.

"नाव काय म्हणाला होता तुम्ही हिचं?" काकींनी मला नव्हे, मॅडमना विचारलं.

"फिलोमिना."

"मला वाटलं गोव्याकडची असेल कोण."

"हल्याळची आहे. फार हुशार आहे. बोलायला तर अशी—"

"मराठी येतं?"

"येतं की काकी," मी म्हटलं. "कानडी येतं, कोकणी येतं, हिंदी पण. गिऱ्हाईक जे बोलंल ते मी बोलते."

"अगंबाई. छान बोलते हो." काकी मॅडमकडं बघून हसल्या. "गोडाऊनला बघू आपण हिचं. गठ्ठे उतरवायचे, लावायचे. ताकदीचं काम असतं, आमच्या पोरांना होत नाही. ह्यांना जमतं."

"काकी, गठ्ठे उचलायलाच दोन हात जास्त लागतात."

"फिलू," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणाला होता ना मॅडम? दोन हात झाले की गादी. आता झाले."

"हात बसवलाय तिला," मॅडम काकींना म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता त्यांचा. "हाताची अडचण नाही आता."

"हाताचं कुठं म्हटलं मी?" काकींचा आवाज वाईट नव्हता. मऊच होता. "बाळ, तू मनाला लावून घेऊ नको. आमच्याकडं लग्नाचे बस्ते काढायला येतात लोक. साडी आपल्या अंगावर लावून दाखवावी लागते, तेव्हा रंग उठतो. नवरीची आई समोर बसलेली असते. शुभकार्य असतं गं." आणि मग मॅडमना, जरा खालच्या आवाजात, जणू मी तिथं नव्हतेच, "फोनवर सांगायचं होतं ना तुम्ही."

"काय सांगायचं होतं?"

"आता ते पण मीच बोलू काय?"

मॅडमनी टेबलावरची पेनं सरळ केली.

मी उठले तेव्हा खुर्ची मागं पडली. हात अजून ओढणीखालीच होता. काढायची वेळच आली नव्हती.

बाहेर आवय उभी राहिली. "झालं?" तिनं विचारलं. काकी गेल्या, जाताना तिला नमस्कार करून गेल्या. तिनं पण वाकून केला. मग मॅडम बाहेर आल्या. मला तोवर काही दिसत नव्हतं रागानं. मी ओढणी फेकली, दातानं पट्टा सोडला, हात काढून बाकावर आपटला.

"घ्या तुमचा हात."

मॅडमनी हात बघितला. जवळ येऊन बघितला.

"हे काय? हा काळा कुणी केला?"

"मी, बाई," आवय म्हणाली. जरा अभिमानानंच म्हणाली. "पोरीच्या रंगाचा केला."

मी मॅडमच्या तोंडाकडं बघत होते. आत खोलीत त्यांचं तोंड पडलं होतं. आता ते हळूहळू सावरलं. धरायला काहीतरी सापडल्यासारखं.

"अहो मावशी, असं करतात का? केवढी महागाची वस्तू. देणगीतून आलेली. आता मी काय सांगायचं लोकांना? इतकी चांगली संधी होती."

आवयच्या हातातनं चपला खाली पडल्या.

"म्हणून नको म्हणाल्या काय त्या?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग आवयकडं.

"आता काय बोलायचं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लावून घेतलं.

त्या हो म्हणाल्या नाहीत. नाही पण म्हणाल्या नाहीत. आणि आज इतक्या वर्षांनी पण गावात कुणी विचारलं, फिलूला बेळगावात नोकरी लागणार होती म्हणे, काय झालं, की आवय सांगते, "मीच घालवली. गोरा हात दिला होता देवानं, मी काळा केला."

त्या दिवशी थोड्या वेळानं मी मेसच्या मागं गेले तर ती नळाखाली बसली होती. हिरव्या लुगड्याचा ओचा वर खोवलेला. चुलीतली राख घेतली होती, नारळाची शेंडी घेतली होती, आणि तो रबराचा हात दगडावर ठेवून घासत होती. सगळ्या पाठीचा जोर लावून घासत होती, आम्ही पातेली घासतो तसं. पाणी साधंच वाहत होतं. काळं निघतच नव्हतं.

"आवय, सोड."

"निघंल. मी त्यात कात घातला म्हणून धरून बसलाय. निघंल."

"त्या काकीनं हात बघितलाच नाही गे."

ती थांबली. "मग?"

"ओढणीखाली होता. मी काढलाच नव्हता."

"मग काय बघून नको म्हणाली?"

पाणी वाहत होतं. ती माझ्याकडं वर बघत होती, राखेचे हात तसेच पुढं धरून. माझं तोंड तिचं आहे. नाक तिचं, ओठ तिचे, केस तिचे, रंग तिचा. गावात लहानपणी मला कुणी नावानं हाक मारायचं नाही, आवयचं नाव घेऊन धाकटी म्हणायचे. ती उत्तराची वाट बघत होती.

मी तिच्या राखेच्या हातांकडं बघितलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बघितला असंल मग. बोटं बाहेर राहिली असतील."

"बघ," ती म्हणाली. "तेच मी म्हणते." आणि पुन्हा घासायला लागली.

हात ओल्या दगडावर सरकत होता. मी तिच्या शेजारी बसले आणि मनगटाच्या टोकानं तो दाबून धरला, म्हणजे तिला घासायला बरं.

"जरा उजळला बघ अंगठ्याजवळ," ती म्हणाली.

"हां," मी म्हटलं. "उजळला."